कुत्रा क्रमांक तीन

यंत्र मीच विकलं त्याला.
ओटॅगोच्या डोंगरात, डांबरी रस्ता संपल्यावर
चौदा फाटकं उघडत-लावत जे घर लागतं, तिथे.
ड्यूगल मॅकरेनं चहा दिला, बिस्किटांचा डबा सरकवला
आणि विचारलं, हे खातं काय?
म्हटलं, वीज. अठ्ठावीस मिनिटं उडतं, मग आपलं आपण घरी येतं.
म्हणाला, पेग संध्याकाळपर्यंत चालते. एका हाडावर.

पेग टेबलाखाली होती.
अकरा वर्षांची, मागचा डावा पाय जरा ओढत.

यंत्रात आवाज आधीच भरलेले येतात:
सायरन, माणसाची शीळ, कुत्रा एक, कुत्रा दोन.
मेंढ्यांनी कुत्रा एक ऐकला,
माना वर केल्या, पुन्हा चरायला लागल्या.
'शहरातली कुत्री ही,' ड्यूगल म्हणाला,
'दाराची बेल वाजली की भुंकणारी.'

मग पेगचाच आवाज घ्यायचं ठरलं.
पाइनच्या रांगेआड, वारा लागणार नाही अशा जागी
मी माइक धरून उकिडवा बसलो.
भुंक म्हटलं तर भुंकेना.
काम दिसल्याशिवाय तोंड उघडायचं नाही
ही तिची शिस्त.
ड्यूगलनं विनवलं, दटावलं, शेवटी स्वतः भुंकून दाखवलं.
तिनं मान फिरवली,
चारचौघांत आपल्या माणसाची लाज वाटावी तशी.

कंटाळून मी यंत्र उडवलं.
आणि ती उठली.
ओढता पाय विसरून, मानेवरचे केस ताठ,
चारही पाय जमिनीवरून सुटतील अशा उड्या घेत
भुंकली त्याच्यावर. पोटातून, फासळ्यांतून,
आपल्या डोंगरावर आलेल्या या परक्याला
जितकं म्हणून सुनावता येईल तितकं.
चाळीस सेकंद, स्वच्छ.
मी ते कापलं, टोकाला टोक जोडलं, भरलं यंत्रात:
कुत्रा तीन.

मार्चअखेर दोन हजार मेंढ्या कड्यावरून उतरल्या,
पोतं उसवावं आणि पीठ सांडत यावं तशा.
पेग फाटकाशी बसून ऐकत होती
वर कुठेतरी आपणच भुंकतोय ते.
मध्येच एखादं उत्तर द्यायची.

जुलैत ती गेली.
जमीन गोठलेली, खड्डा होईना,
ड्यूगलनं किटलीनं कढत पाणी ओतून ओतून पहार चालवली.
हे मला शेजारच्या इशबेलनं सांगितलं, त्यानं नाही.

पुढच्या मार्चमध्ये मी गेलो, तुटलेलं पातं बदलायला.
सोबत कंपनीचा कागद होता.
कुत्रा तीन सगळ्यांत चांगला चालतो,
आता तो सरसकट सगळ्या यंत्रांत घालायचाय, इथे सही.
त्यानं चष्मा शोधला. वाचलं. किती ठिकाणी?
सध्या एक्केचाळीस. समुद्रापलीकडे टास्मानियातही दोन.
बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिला.
'इतकं पळायची सवय नव्हती तिला,' म्हणाला
आणि सही केली.
पैशांचा रकाना रिकामाच.

मग सोडलं आम्ही ते वर.
कड्यामागून भुंकणं आलं,
तोच राग, दम तुटायच्या आत घेतलेला तोच श्वास,
आणि मागे, फार बारीक, माझं खोकणं,
जे तेव्हा कापायचं राहून गेलं होतं.
मेंढ्या निमूट वळल्या.
शेवटची आत आली, मी फाटक लावलं.

बंद करायचं बटण ड्यूगलच्याच अंगठ्याखाली होतं.
त्यानं दाबलं नाही.
दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली,
लांब, शेवटी खाली उतरत जाणारी:
झालं काम, ये आता.

वर भुंकणं चालूच.
त्यानं पुन्हा शीळ घातली.

कान दिलेले नाहीत आम्ही त्याला.
हे मी सांगणार होतो,
पण पडद्यावर बॅटरी सात टक्के दाखवत होती,
आणि सहावर ते आपलं आपण घरी येतं.